अर्ध्यावर थांबलेले आवाज

दसरा सरला की आमच्या गावात दारांना कुलपं लागायला सुरुवात होते. शेतात कापूस फुटलेला असतो, तुरी पिवळ्या फुलांनी भरलेल्या असतात, आणि गल्लीच्या तोंडाशी दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. मग एकेका घरातला संसार बाहेर निघतो. बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, ताडपत्री, झाकणाला दोरी बांधलेला हंडा, डालीत कोंडलेल्या कोंबड्या, सगळ्यांत वर पाय आभाळाकडे केलेलं बाजलं. शिरूर कासारच्या या भागात नवरा-बायकोच्या जोडीला त्या दिवसांत माणसांच्या नावानं कोणी मोजत नाही. ‘एक कोयता’ म्हणतात. आमच्या गल्लीतून एवढे कोयते गेले, तुमच्या गल्लीतून तेवढे.

गाव रिकामं झालं की आवाज कमी होतात. हे कमी होणं मी आयुष्यभर ऐकत आलो. जात्याचा आवाज माझ्या लहानपणीच गेला, गिरणीचा भोंगा पुढं गेला, पण हंगामातली शांतता आहे तशीच आहे. दुपारी कुत्री कुलपांच्या दारात निजतात. म्हातारी माणसं ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहतात, जणू गेलेली माणसं विसरलेलं काही न्यायला परत येणार आहेत.

यंदा निम्म्या गाड्या गेल्या होत्या, तेव्हा एका दुपारी कौसाबाई माझ्याकडं आली. तिचे गुडघे गेलेत, म्हणून ती आता ऊस तोडायला जात नाही. तिची मुलगी सुमन जाते, जावई जातो. सुमनची पोरगी गौरी यंदा पहिलीत बसली आहे. कौसाबाईचं म्हणणं होतं की पोरीला आजीपाशी ठेवावं, शाळा चालू राहील. सुमन पोरीला बरोबर न्यायला निघाली होती.

“तुमी सांगून बघा गुरुजी,” कौसाबाई म्हणाली. “माझं ती ऐकत न्हाई. म्हणती, तिकडून बोललेलं इकडं पोचतंय याचा काय भरवसा. आता तर समद्यांकडं मोबाईल हायेत, तोंड बी दिसतं त्यात. तर म्हणती, मशीन बदललं, माणसं तीच हायेत.”

मी चहा ठेवायला आत गेलो आणि बराच वेळ आतच उभा राहिलो. सुमनला भरवसा का नाही, याचं खरं कारण तिच्या आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. तोडीला गेलेल्यांची मुलं मागं राहावीत म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालायचं. मोठ्या वर्गात सतरंज्या अंथरलेल्या. संध्याकाळी वरणाचा वास सुटायचा आणि मुली ओळीनं बसून एकमेकींच्या वेण्या घालायच्या. शेवटच्या मुलीच्या पाठीशी कोणी नसे, म्हणून सगळ्या जणी गोल करून बसत. तो गोल आठवला की मला अजून बरं वाटतं. त्या हंगामातल्या बऱ्याच गोष्टी तशा चांगल्या होत्या, हेही लिहिलं पाहिजे.

एका संस्थेनं आम्हाला कॉम्प्युटर दिला होता, आणि तिकडं कारखान्याजवळ, तोडणाऱ्यांबरोबर गेलेल्या पोरांसाठी चालणाऱ्या साखरशाळेला एक लॅपटॉप. दोन्हीकडं गप्पा मारायचा एक प्रोग्राम टाकून दिला होता. इकडं टाइप केलं की तिकडं दिसायचं. गावात मोबाईलला रेंज टेकाडावर गेल्याशिवाय नसे, आणि तिकडं टोळीचा एकच फोन, तो मुकादमाच्या खिशात, कामापुरता. शाळेच्या खिडकीत मात्र एका कंपनीचा अशक्त सिग्नल यायचा. तिथं आम्ही नेटचा डोंगल सुतळीनं बांधला होता आणि त्याच्यामागं जेवणाचं स्टीलचं ताट टेकवून ठेवलं होतं. ताट जरा कलतं केलं की दिवा हिरवा व्हायचा. वारा आला की ताट वाजायचं आणि मुली म्हणायच्या, गुरुजी, नेट पडलं.

तिकडच्या बाजूला मिलिंद होता. धारूरचा पोरगा, डी.एड. झालेला, नोकरी नाही म्हणून साखरशाळेवर शिकवायला गेलेला. हुशार आणि कमी बोलणारा. आवाज भरून पाठवायची कल्पना त्याची. तोडणारी माणसं उजाडायच्या आत उसाच्या फडात जातात. परत कधी येतील ते गाडी भरण्यावर असतं. ठरलेल्या वेळी कॉम्प्युटरसमोर बसणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून मिलिंद संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, कोप्यांवर जायचा, एखादी आई भाकरी थापत असली तर तिच्याजवळ उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, बोल आक्का, पोरीला काय सांगायचं ते. त्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाकरीचा थपथप आवाज, चुलीचा धूर, बैलांच्या घुंगरांची हालचाल आणि मधे आईचं बोलणं, असं सगळं त्या फायलीत भरलं जात असणार. ‘असणार’ म्हणतो, कारण मी त्यातलं काहीच ऐकलं नाही.

प्रोग्राम बसवायला आलेल्या इंजिनियर बाईंनी मला सेटिंगचं एक पान दाखवलं होतं. लाइन मंद असली की मोठी फाइल सगळी वाट अडवते आणि लिहिलेले निरोप तिच्यामागं खोळंबतात. तसं होऊ नये म्हणून फायलींच्या वेगाला मर्यादा घालायची सोय तिथं होती. एक आकडा भरायचा. पण फार खाली नेऊ नका गुरुजी, असंही त्या म्हणाल्या होत्या.

हंगामाच्या सुरुवातीला एका मुलीला ताप भरला. तिला कोणतं औषध सोसत नाही हे तिच्या बापाला ठाऊक होतं. मी तिकडं निरोप लिहिला. नेमके त्याच वेळी संस्थेच्या ऑफिसातून कसल्याशा कार्यक्रमाचे फोटो येत होते. फोटो उतरत राहिले आणि बापाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मुलगी बरी झाली, पण मी हादरलो. त्याच दिवशी मी सेटिंगचं पान उघडलं आणि फायलींची मर्यादा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवली.

यात मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, उलट समाधान वाटलं. आम्ही कोरड्या तालुक्यातली माणसं. टँकर विहिरीत रिकामा झाला की मीच काठावर उभा राहून सांगायचो, आधी घरटी एक हंडा पिण्याचा, मग धुण्याभांड्याचं बघू. लोक ऐकायचे. नेटची लाइनही मी त्याच हिशोबानं वाटली. लिहिलेला निरोप हे पिण्याचं पाणी. फोटो, आवाज ही सगळी मागची गरज, हौस म्हटली तरी चालेल. आयुष्य फळ्यावर लिहिण्यात गेलेला माणूस मी. लिहिलेलं तेवढं खरं बोलणं, असं माझ्या डोक्यात कधीचं पक्कं बसलं होतं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचं पिण्याचं पाणी कोणतं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

मग ते आवाज यायला लागले, म्हणजे यायला निघायचे. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी दिसायची, तिच्यावर फाइलचं नाव. मिलिंद नाव नीट द्यायचा. ‘सुमनची आई’. ‘राधाची आई’. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. निम्म्यावर यायच्या आत तिकडची बॅटरी संपायची, नाहीतर इकडची वीज जायची. पुन्हा जोडलं की पट्टी पहिल्यापासून सुरू. खराब लाइन कशी असते हे मला माहीत होतं. ती कधी पळते, कधी अडते. ही पट्टी रोज एकाच चालीनं चालायची. तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं की हिला कोणीतरी धरून ठेवलं आहे. मी म्हणायचो, तिकडचं मशीन जुनं असेल.

फायलीबरोबर मिलिंद दोन ओळी लिहूनही पाठवायचा, त्या मात्र झटकन यायच्या. ‘सुमनची आई ठीक आहे. अभ्यास करायला सांगते.’ मी सुमनला बोलावून वाचून दाखवायचो. ती चौथीत होती. एकदा तिनं मान हलवली.

“माझी आई असं न्हाई बोलत गुरुजी,” ती म्हणाली. “ती मला अभ्यास कर कधीच म्हणत न्हाई. पैलं विचारती, जेवलीस का बये.”

मी म्हणालो, अगं, अर्थ तोच. आणि तिला पाठवून दिलं. मागं वळलो तर पडद्यावर ‘सुमनची आई’ नावाची पट्टी सरकत होती. मी खुर्चीवर बसून ती बघितली. एक आकडा बदलला असता तर ती पोरगी वेणीच्या गोलात जाऊन बसायच्या आत आईचा आवाज खोलीत आला असता. का बदलला नाही, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. दुष्टपणा नव्हता. मी लावलेली शिस्त बरोबर आहे, एवढीच एक सवय होती. आणि सवयीला समोरचं पोर दिसत नाही.

पुढं पुढं मुली विचारायच्या, आमच्या आईचा आवाज आला का? मी म्हणायचो, आला नाही. ते खरंच होतं. तेवढ्या खरेपणावर मी तो हंगाम काढला.

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या. अंगाला, कपड्यांना, पोत्यांना मळीचा आंबूस वास घेऊन माणसं उतरली. कौसाबाईनं सुमनला पोटाशी धरलं आणि विचारलं, माझं बोलणं ऐकलंस का? सुमन म्हणाली, कसलं बोलणं? बाकीच्या घरांतही तेच झालं. दोन दिवसांनी मिलिंद हिशोबाची कागदं द्यायला म्हणून एसटीनं गावात आला, तेव्हा मारुतीच्या पारावर बायका-माणसं जमली होती. मीही होतो, खुर्चीवर.

कौसाबाई त्याला म्हणाली, “दर आठवड्याला माझ्या म्होरं ते डबडं धरलंस. धाडलं म्हणालास. आमी अडाणी म्हणून चेष्टा केलीस व्हय रे? कावून केलीस?”

मुकादम हसून म्हणाला, आवाज भरायच्या निमित्तानं साहेब भाकरी खायला येत होते. लोक हसले. मिलिंदनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो माझ्याकडं वळला.

“गुरुजी, तुमच्या कॉम्प्युटरवर फायलींना काही मर्यादा लावलेली हाय का? तेवढं सांगता?”

मी म्हणालो, “न्हाई.”

तो ‘बरं’ म्हणाला. पाणीसुद्धा न घेता तो फाट्याकडं चालत गेला. त्याला कोणी थांबवलं नाही. धारूरच्या बौद्धवाड्यातल्या पोराच्या शब्दाला आमच्या पारावर वजन कमी होतं आणि माझ्या शब्दाला जास्त. ते वजन कुठून येतं हे मला कळत होतं. मी त्याच्यावरच बसून राहिलो.

त्या संध्याकाळी शाळेत जाऊन मी आकडा वाढवला. आता पलीकडं कोणी नव्हतं. लॅपटॉप संस्थेकडं परत गेला होता, तिथं त्यातलं सगळं पुसून तो दुसरीकडं दिला गेला. पुढच्या हंगामात साखरशाळेवर मिलिंद आला नाही. आणि पुढच्या हंगामात सुमनही वसतिगृहात राहिली नाही. ट्रॉलीत आईच्या पेटीवर जाऊन बसली ती उतरलीच नाही. मी समजवायला गेलो तर म्हणाली, हितं राहून आई ऐकू येत न्हाई. तिची शाळा तिथं संपली. फडात मोळ्या बांधता बांधता ती मोठी झाली, लग्न लवकर झालं, आणि ती स्वतःच कोयता झाली.

माझ्या फोनवर आता सकाळी सकाळी फुलांची चित्रं येतात, कोणाकोणाच्या नातवंडांचे नाच येतात. बोट टेकायच्या आत सगळं उतरलेलं असतं. कधी लाइन अडली, ते वर्तुळ फिरत राहिलं, की मी फोन उलटा करून ठेवतो. घरच्यांना वाटतं डोळे दुखतात.

तर कौसाबाई त्या दुपारी माझ्या ओट्यावर चहा पीत बसली होती आणि मी सुमनची समजूत घालावी म्हणत होती. मी सांगतो म्हणालो. ती गेल्यावर मी आधी मिलिंदला फोन लावला. तो आता धारूरकडंच एका शाळेत शिकवतो. नंबर मिळवणं अवघड नव्हतं, इतकी वर्षं फक्त मिळवला नव्हता. नाव सांगितलं तर त्यानं ओळखलं, तब्येत विचारली. मी पारावरच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला दिलं, सुमन उद्या पोरीला घेऊन निघतेय तेही सांगितलं. पलीकडं वर्गाचा गलका ऐकू येत होता. त्यानं बहुतेक बाहेर येऊन दार लोटलं.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर वडलांनी बी विचारलं होतं, खरंच पाठवत होतास ना रे? ते लई लागलं होतं गुरुजी.”

लगेच पुढं म्हणाला, “माझं राहू द्या. गाडी निघायच्या आधी त्या सुमनला सांगा. मला नंतर बोला, काय बोलायचं ते.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरत होते. सुमनचा नवरा ताडपत्री ओढत होता आणि सुमन ट्रॉलीच्या फळीवर गुडघा रोवून दोरीला पीळ देत होती. गौरी तयार होऊन, नवा फ्रॉक घालून, सामानात बसली होती. तिची पिशवी पोत्यांच्या फटीत खोचलेली होती. कौसाबाई खाली उभी होती, रागानं तोंड वळवून.

मी इथं जे लिहिलं तेच तिथं उभ्या उभ्या सांगितलं, याहून कमी शब्दांत. आकड्याचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, पारावर खोटं बोललो तेही. सुमनचे हात थांबले नाहीत. कौसाबाईनं मात्र खाली बसून घेतलं. त्या पोराला मी काय काय बोलले, असं ती पुटपुटत राहिली.

“दर आठवड्याला बोलायची आई?” सुमननं विचारलं.

“दर आठवड्याला.”

“आन् माझं नाव असायचं त्याच्यावर?”

“असायचं.”

“तुमी बघायचे?”

मी हो म्हणालो. तिनं दोरीची गाठ मारली, ती पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला वाटलं तिकडं साखरशाळेत दुसऱ्या पोरी हायेत, तिला त्या आवडल्या असतील. मोठी झाल्यावर कळलं की असं काय नसतंय. पण तवा वाटलं ते वाटलंच की.”

कौसाबाई तिच्याकडं बघत होती. सुमन फळीवरून खाली उतरली आणि आईसमोर बसली. “काय बोलायचीस गं तू त्यात?”

“आता काय आठवतंय,” कौसाबाई म्हणाली. “मोठं काय बोलणार मी. शेळी कोपीतच व्याली आन् आमी रातभर बाहेर, ते सांगितलं होतं. तुझ्या बाच्या पायात खुंट घुसला ते सांगितलं न्हाई. एकडाव नुसतीच रडले, तर मिलिंद सर म्हणले, आक्का, हे नको धाडू, पोर घाबरंल. ते पुसून दुसरं भरलं.”

“दुसरं काय भरलंस?”

“गाणं म्हणलं. तुला निजवायचे ते.”

सुमन हसली. हसता हसता तिनं पदरानं नाक पुसलं आणि आईला म्हणाली, तुला गाता तरी येतं का. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिचा नवरा वरून म्हणाला, आवरा, पुढच्या गाड्या गेल्या.

ती उठली. वर चढून तिनं पोत्यांच्या फटीतून पिशवी ओढून काढली, खाली आईच्या हातात दिली. मग पोरीला काखेत धरून उतरवलं. गौरी रडायला लागली, तसं तिनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून कानात बराच वेळ काही सांगितलं. कौसाबाईला बजावलं, दुधात भाकरी चुरून दे, अंड्याचा हट्ट केला तर दे, वेणी घट्ट घालू नको.

ट्रॉलीवर चढताना ती माझ्यापाशी थांबली.

“गुरुजी, पोरीला ठेवून चाललेय ती आईच्या भरवशावर,” ती म्हणाली. “तुमच्या न्हाई.”

ते बरोबरच होतं. ट्रॅक्टर सुरू झाला. मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो, हे मला तेव्हा कळलं. मी बाजूला सरलो आणि गाडीला वाट दिली.